डॉक्टर कोणी घालवले? आढावा बैठकीस खुलं पत्र

प्रति,
मासिक आढावा बैठक,
मुक्काम जिल्हा परिषदेचं सभागृह, तालुक्याचा हॉल आणि आता ज्याच्या-त्याच्या मोबाइलवरची व्हीसी (व्हिडिओ कॉन्फरन्स).

विषय: प्राथमिक आरोग्य केंद्रांतले डॉक्टर नोकरी सोडून जात असल्याबाबत.

बैठकबाई,

तुझ्या विषयपत्रिकेवर वैद्यकीय अधिकाऱ्यांची रिक्त पदं हा विषय हमखास असतो. पडद्यावर तक्ता येतो. कुठे दोनपैकी एक जागा रिकामी, कुठे दोन्ही. कुणीतरी वरिष्ठ म्हणतात, "हल्लीच्या पोरांना खेड्यात राहायलाच नको." माना डोलतात आणि पुढचा विषय पुकारला जातो. डॉक्टर का टिकत नाहीत हे तू वर्षानुवर्षं विचारते आहेस. ज्यांना ठाऊक आहे ते तुझ्यासमोर उभे असतात, पण त्यांना बोलू देत नाहीस. म्हणून उत्तर जाहीरपणे लिहिते आहे. ते जातात याचं एक मोठं कारण तू आहेस.

हे मी ऐकीव सांगत नाही. ऊसतोड कामगारांच्या एका तालुक्यात मी वैद्यकीय अधिकारी होते. तुझ्यासमोर उभी राहिले आहे, तुझे मेमो घेतले आहेत. आता वैद्यकीय महाविद्यालयात पीएसएम (रोगप्रतिबंधक व सामाजिक वैद्यकशास्त्र) शिकवते. बाँडचं, म्हणजे सक्तीच्या सरकारी सेवेचं, वर्ष संपवून आलेली मुलं-मुली भेटायला येतात. "तिथेच का राहिला नाहीस?" असं विचारलं की रस्ता, क्वार्टर, पगार यांच्याबद्दल ती दोन वाक्यं बोलतात. मग तुझ्याबद्दल बोलायला लागतात, आणि ते लवकर संपत नाही.

आधी जातंय काय ते समजून घे. महाराष्ट्रात अठराशेहून अधिक प्राथमिक आरोग्य केंद्रं आहेत. निकष असा की मैदानी भागात ३० हजार आणि आदिवासी-डोंगरी भागात २० हजार लोकांमागे एक केंद्र. शहरातला माणूस आपला फॅमिली डॉक्टर स्वतः निवडतो. या लोकांचा फॅमिली डॉक्टर सरकार नेमतं. ताप, बाळंतपण, कुत्रं चावणं, सर्पदंश, बीपी, शुगर, दारूपायी फुटलेलं डोकं, विष प्यायलेली सून आणि शेवटी पोस्टमॉर्टेमसुद्धा, सगळं त्याच एका माणसाकडे. दुसरी जागा रिकामी असली तर तो गेला की पुढचा येईपर्यंत गावाला कुणी नसतं. पुढचा आला तरी त्याला गाव ओळखायला वर्ष जातं.

तेवढ्यानं काय बिघडतं, असं तुला वाटत असेल तर नॉर्वेकडे बघ. तिथे २००१ पासून प्रत्येक नागरिकाला ठरलेला फॅमिली डॉक्टर मिळण्याचा हक्क आहे. सुमारे ४५ लाख लोकांच्या नोंदी तपासून तिथल्या संशोधकांनी एक साधी गोष्ट पाहिली: एकाच डॉक्टरकडे माणूस किती वर्षं टिकून आहे? १५ वर्षांहून जास्त काळ एकच डॉक्टर असलेल्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण, वर्षभरापुरतीच ओळख असलेल्यांच्या तुलनेत, सुमारे २५ टक्क्यांनी कमी आढळलं. तातडीनं दवाखान्यात भरती होण्याचं प्रमाणही सुमारे २८ टक्क्यांनी कमी होतं. नातं जितकं जुनं तितका फायदा जास्त. तू मात्र 'डॉक्टर' हे पद मोजतेस. तोच डॉक्टर आहे का, हे मोजणारा रकाना तुझ्या एक्सेलमध्ये मी कधी पाहिला नाही.

पगाराचा मुद्दा तू काढशील हे ठाऊक आहे. काढायलाच हवा. कंत्राटी डॉक्टरचा पगार वेळेवर होत नाही, क्वार्टरचं छत गळतं, पोरांना शाळा नाही, नवराबायकोची पोस्टिंग दोन टोकांना होते. या तक्रारी खऱ्या आहेत आणि त्या सोडवणं सरकारचं काम आहे. पण फ्रेडरिक हर्झबर्गनं १९५९ मध्येच मांडलं होतं की पगार, घर, सोयी नीट नसतील तर माणूस वैतागतो, मात्र त्या नीट झाल्या म्हणून त्याला कामाची गोडी लागतेच असं नाही. गोडी लागते ती कामातूनच: आपल्या हातून काही घडलं, ते कुणाच्या लक्षात आलं, आपल्यावर भरवसा टाकला गेला, यातून. पहिल्या गोष्टींसाठी तू वरती प्रस्ताव पाठवतेस. दुसऱ्या गोष्टी तू स्वतः, दर महिन्याला, माणसांदेखत मारतेस.

नोव्हेंबरमधली एक बैठक सांगते. दसरा-दिवाळी उरकून ऊसतोडीच्या टोळ्या ट्रकमध्ये बसून कारखान्यांच्या वाटेला लागल्या होत्या. पडद्यावर तक्ता होता: गरोदर मातांची बारा आठवड्यांच्या आत नोंदणी. आमच्या तालुक्याच्या ओळी लालेलाल. शेजारच्या केंद्राची डॉक्टर, पहिलंच पोस्टिंग, उभी राहिली.

"सर, टोळ्या गेल्यात. नवीन दिवस राहिलेल्या बायका कोयत्याबरोबर उसाच्या फडावर आहेत."

"कारणं सांगू नका."

"सर, टोळ्या जायच्या आधी आम्ही..."

"मला आकडा पाहिजे. पुढच्या बैठकीपर्यंत हिरवं झालं पाहिजे. जमत नसेल तर तसं लिहून द्या."

ती खाली बसली. मागच्या रांगेत तिचेच आरोग्य सहायक नि सुपरवायझर होते. त्यांनी माना खाली घातल्या होत्या. तिच्या पर्समध्ये एक दोनशेपानी वही होती, ती मला तिनं चहाच्या वेळी दाखवली. आशाताईंना घेऊन तिनं टोळ्या निघायच्या आधी घरोघर फिरून लिहून काढलं होतं: बाईचं नाव, पाळी कधी चुकली, मुकादम कोण, कारखाना कोणता, नवऱ्याचा मोबाइल नंबर, बाळंतपणाची तारीख अंदाजे कधी. मग त्या-त्या कारखान्याजवळच्या आरोग्य केंद्रांचे नंबर शोधून तिथल्या नर्सेसना ती स्वतः फोन करत होती, की अमक्या फडावर आमची बाई आहे, तिला धनुर्वाताचं इंजेक्शन द्या, रक्त तपासा, पायांवर सूज आहे का बघा. तालुक्यात त्या महिन्यात कुणी केलेलं सगळ्यात चांगलं काम त्या वहीत होतं. तुझ्या तक्त्यात त्याला जागा नव्हती. एक प्रश्न विचारायचा होता, "मग तुम्ही काय केलंत?" तो तू विचारला नाहीस. पुढचा हंगाम लागायच्या आत ती पीजीच्या तयारीसाठी निघून गेली. तुझ्या नोंदीत कारण लिहिलं गेलं: वैयक्तिक.

त्यात वैयक्तिक काहीच नव्हतं. रॉबर्ट करासेक या अभ्यासकानं १९७९ मध्ये कामाच्या ताणाचं एक सूत्र मांडलं. काम खूप असणं एवढ्यानं माणूस मोडत नाही. काम खूप, आणि ते कसं करायचं हे ठरवायचा अधिकार शून्य, असं एकत्र आलं की मोडतो. पुढे मायकेल मार्मट यांच्या चमूनं लंडनच्या सरकारी कर्मचाऱ्यांवर वर्षानुवर्षं केलेल्या अभ्यासात दिसलं की ज्यांचा आपल्या कामावर ताबा कमी, त्यांच्यात हृदयविकार जास्त. प्राथमिक आरोग्य केंद्रातला डॉक्टर रात्री दोनला एकट्याच्या जबाबदारीवर अडलेली बाळंतीण सोडवतो. तिथे तो समर्थ असतो. सकाळी अकराला तुझ्यासमोर आला की आपल्या गावात आधी कोणतं काम करावं हे ठरवण्याइतकीही अक्कल त्याला नाही, असं तू गृहीत धरतेस. एकाच माणसाला रात्री सगळा भार आणि दिवसा शून्य विश्वास देणं फार दिवस चालत नाही.

टार्गेटचा तुझा सोस जुना आहे आणि त्यानं काय होतं हे या देशानं भोगलंय. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. महाराष्ट्राच्या विधिमंडळानं तर सक्तीच्या नसबंदीचं विधेयक १९७६ मध्ये मंजूर केलं होतं. त्याचा कायदा झाला नाही, एवढंच आपलं नशीब. त्या काळात ज्या नर्सेस आणि डॉक्टर खेड्यात होते, त्यांना बघून लोक शेतात पळायचे. कमावलेला विश्वास एका वर्षात धुऊन निघाला. पुढे कैरोच्या १९९४ च्या लोकसंख्या परिषदेनंतर भारतानं एप्रिल १९९६ मध्ये कुटुंबनियोजनाची वरून लादलेली टार्गेटं रद्द केली. गावाची गरज गावात मोजा आणि त्यावरून नियोजन करा, असं ठरलं. तू काय केलंस? 'अपेक्षित साध्य पातळी' असं नाव देऊन तेच आकडे मागच्या दारानं आत घेतलेस. दारावरची पाटी बदलली, ओरडा तोच राहिला.

हा रोग एकट्या आपल्याकडचा नाही. ब्रिटननं २००४ मध्ये फॅमिली डॉक्टरांच्या उत्पन्नाचा मोठा भाग निर्देशांकांच्या गुणांना बांधला. अमक्याचं बीपी मोजलं, इतके गुण. तमक्याला सल्ला दिला, इतके गुण. मधुमेह, दमा यांच्या नोंदी सुधारल्याही. पण रुग्ण सांगतोय एक आणि डॉक्टर स्क्रीनवरचा रकाना भरतोय, असं चित्र दवाखान्यादवाखान्यांत दिसू लागलं. स्कॉटलंडनं २०१६ मध्ये ही पद्धत मोडीत काढली आणि त्याऐवजी आसपासच्या दवाखान्यांतल्या डॉक्टरांचे गट केले. त्यांनी एकत्र बसावं, आपापलं काम एकमेकांना दाखवावं, कुठे सुधारायचं ते आपणच ठरवावं. म्हणजे आढावा तिथेही आहे. फक्त तो कोण घेतो आणि कुठल्या सुरात घेतो, हे बदललं.

आता पोर्टल. निक्षय, आरसीएच, एचएमआयएस, एनसीडी, आयएचआयपी, यू-विन, आभा, शिवाय तुझ्या स्वतःच्या गुगल शीट्स, आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर "सायंकाळी ५ पर्यंत अतितात्काळ". एकाच बाईचं नाव किती ठिकाणी भरावं लागतं ते कुठल्याही एएनएम नर्सला विचार. अमेरिकेत २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं की डॉक्टर रुग्णासमोर घालवतो त्या प्रत्येक तासामागे जवळपास दोन तास संगणकावर आणि कागदांवर जातात. आपल्याकडे त्याच्या जोडीला नेट जाणं, लाइट जाणं आणि डाटा एंट्री ऑपरेटरची रिकामी जागा आहे.

यातलं सगळ्यात गंभीर अजून सांगायचं आहे. तुझ्या भीतीनं खोटे आकडे जन्माला येतात. जो डॉक्टर "केलं" असं टाकून मोकळा होतो, त्याची ओळ हिरवी होते आणि त्याच्यासाठी टाळ्या वाजतात. जो न झालेलं न झालं असंच लिहितो, त्याला उभं केलं जातं. अ‍ॅमी एडमंडसन या संशोधिकेनं १९९० च्या दशकात अमेरिकी रुग्णालयांतल्या वॉर्डांत औषधांच्या चुका मोजल्या. चांगल्या वॉर्डांत चुका कमी असतील असा तिचा अंदाज होता. निघालं उलटंच, चांगल्या वॉर्डांत चुकांची नोंद जास्त. कारण तिथे चूक सांगायची भीती नव्हती, म्हणून ती वर येत होती आणि दुरुस्त होत होती. भीतीच्या वॉर्डात चुका दडपल्या जात होत्या. माता मृत्यूच्या अन्वेषणात कुणावर ठपका ठेवू नये, कारणं शोधावीत, असं सरकारच्याच मार्गदर्शक सूचना सांगतात. पण तुझ्या हॉलमध्ये पहिला प्रश्न येतो, "जबाबदार कोण?" मग पुढच्या वेळी धोक्याची बाळंतीण दिसली की डॉक्टर आधी स्वतःला वाचवतो. रेफर करतो. अँब्युलन्समध्ये बसवतो आणि सुटकेचा श्वास टाकतो.

आणि त्या सुटकेची त्याला रात्री लाज वाटते. या लाजेला अभ्यासक नैतिक जखम म्हणतात. व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या सैनिकांवर उपचार करताना जोनाथन शे यांनी ही कल्पना मांडली आणि २०१८ मध्ये वेंडी डीन नि सायमन टॅलबट यांनी ती डॉक्टरांना लावली. थकलेल्या माणसाला रजा दिली की तो परत येतो. योग्य काय हे कळत असताना ते करू न दिलेला माणूस रजेवरून परतला तरी मनानं परत येत नाही. तुझ्याकडून सर्वांत आधी जातात ते हेच. कामचुकार आहे त्याला तुझा त्रास होत नाही, तो आकडा टाकतो आणि राहतो. ज्याच्या मनाला लागतं तो जातो. दरवर्षी तू चाळण लावतेस आणि गहू फेकून खडे ठेवतेस.

जायच्या आधी काय होतं तेही पाहा. ख्रिस्टिना मॅस्लॅक यांनी १९८० च्या सुमारास कामानं आतून जळून जाण्याच्या, म्हणजे 'बर्नआउट'च्या, तीन खुणा मोजायचं साधन तयार केलं, आजही जगभर तेच वापरतात. पहिली खूण: आतून रिकामं वाटणं. दुसरी: समोरच्या माणसाशी कोरडेपणा येणं. तिसरी: माझ्या हातून काहीच होत नाही ही भावना. मला दुसरीची सर्वाधिक धास्ती आहे, कारण तिची किंमत रुग्ण मोजतो.

साठीचा एक गृहस्थ ओपीडीत येतो. बीपीच्या गोळ्या मध्येच थांबवलेल्या. "विसरलो" म्हणतो. पाच मिनिटं जास्त बसवलं, घरचं विचारलं की कळतं की पोरीचं लग्न ठरलंय. व्याही मंडळी घरी येऊन-जाऊन असतात. त्यांनी गोळी घेताना बघितलं तर "या घरात आजार आहे" म्हणतील, म्हणून यानं पाकीट माळ्यावर टाकलंय. मग त्याला सांगायचं, काका, गोळी सकाळी शेतावर जाताना खिशात ठेवा, विहिरीवर घ्या. तो हसतो, मान हलवतो आणि पुढच्या महिन्यात गोळ्या न्यायला बरोबर येतो. डॉक्टरला खेड्यात टिकवणारं जे काही आहे ते या पाच मिनिटांत आहे. गाव आपल्याला मनातलं सांगू लागलंय ही जाणीव कुठल्याही वेतनवाढीपेक्षा मोठी असते. तुझ्या पोर्टलवर हा माणूस 'फॉलोअप मिस्ड' आहे आणि व्हीसी चालू आहे म्हणून डॉक्टरकडे ती पाच मिनिटं नाहीत. अशी शंभर माणसं हातची गेली की डॉक्टर विचारायचंच बंद करतो. मग तो नाव विचारत नाही, केस नंबर विचारतो. त्या दिवशी तो मनानं गेलेला असतो. राजीनामा पुढे केव्हातरी येतो.

तुझ्या भाषणांत काही नावं हटकून येतात. हेमलकशात प्रकाश आणि मंदाकिनी आमटे राहिले, मेळघाटात रवींद्र आणि स्मिता कोल्हे राहिले, गडचिरोलीत अभय आणि राणी बंग राहिले, मग तुम्हाला काय झालं? या माणसांबद्दल मला मनापासून आदर आहे आणि म्हणूनच त्यांच्या नावाचा चाबूक केलेला मला सहन होत नाही. ते कसे राहिले हे एकदा नीट बघ. तिन्ही जोडप्यांत जोडीदार त्याच कामात होता, म्हणजे रात्री बोलायला कुणीतरी होतं. काय काम करायचं हे त्यांनी स्वतः ठरवलं. केलेल्या कामाचं फळ त्यांनी त्याच गावांत, त्याच माणसांत वर्षानुवर्षं पाहिलं. बंग दांपत्यानं गावातल्या बायकांना शिकवून घरीच नवजात बाळांची काळजी घेतली आणि १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मधून जगाला दाखवलं की त्या गावांत नवजात मृत्युदर सुमारे ६२ टक्क्यांनी उतरला. स्वतःचा निर्णय, जवळचं माणूस, डोळ्यांनी दिसणारं फळ: या तीन गोष्टींवर माणूस अरण्यातही राहतो. तुझ्या डॉक्टरला यातली एक तरी दे आणि मग त्यांची उदाहरणं दे.

सरकारी नोकरीतलं उदाहरण हवं असेल तर हिंमतराव बावस्करांचं आहे. सत्तरच्या दशकात ते महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी होते. कोकणात लाल विंचू चावून धडधाकट माणसं आणि लेकरं मरत. त्यांनी रुग्णाच्या उशाशी बसून नाडी, रक्तदाब, घाम, श्वास टिपून ठेवला. त्यांचं लेखन १९८२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलं, पुढे प्रॅझोसिन या औषधाचा वापर त्यांनी रुजवला आणि विंचूदंशानं होणारे मृत्यू झपाट्यानं घटले. हे कर म्हणून कुणी त्यांना टार्गेट दिलं नव्हतं. समोर मरणाऱ्या माणसानं दिलेला प्रश्न त्यांनी घेतला. तुझ्या आजच्या एखाद्या डॉक्टरला असा प्रश्न पडला तर तो तुझ्यापुढे मांडायला त्यानं कोणत्या रकान्यात बोट ठेवावं?

सगळं खापर एकट्या तुझ्या खुर्चीत बसलेल्यांवर मी फोडत नाही. तालुका आरोग्य अधिकाऱ्याला जिल्ह्यात उभं केलं जातं, जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याला राज्याच्या व्हीसीत. वरून सुटलेला ओरडा एकेक पायरी उतरत शेवटी आशाताईपाशी येतो आणि तिथेच थांबतो, कारण तिच्या खाली ओरडायला कुणी नाही. तुझ्या व्यासपीठावरचे कित्येक अधिकारी कधीकाळी याच रांगेत उभे राहून हेच ऐकत होते. म्हणून तर बदल तुझ्यात व्हायला हवा. माणसं बदलतात, तू तशीच चालत राहतेस.

डॉक्टर एकटा असतो, हे तुला कधी जाणवलं आहे का? केंद्रात रुग्ण दगावतो, नातेवाईक जमतात, काचा फुटतात, अंगावर हात पडतो. महाराष्ट्रात २०१० पासून अशा हल्ल्यांविरुद्ध कायदा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजारांपर्यंत दंड. पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच खुर्चीत बसून त्याच गावाला तपासायचं असतं आणि फोन वाजतो तो "कालच्या घटनेचा अहवाल का आला नाही?" म्हणून. अल्बर्ट वू यांनी २००० मध्ये लिहिलं की चूक घडते तेव्हा रुग्णाबरोबर डॉक्टरही जखमी होतो, आणि त्याची जखम कुणी बांधत नाही. क्वार्टरमध्ये एकटी राहणारी बाई डॉक्टर असेल तर त्या रात्री तिनं दाराला कडीबरोबर टेबलही लावलेलं असतं. तिला एक फोन हवा असतो, "तू कशी आहेस?" एवढाच. तो तुझ्याकडून मला आला नाही, माझ्या ओळखीतल्या कुणालाही आला नाही.

आणि तुझा उपाय काय? बाँड. सरकारी महाविद्यालयातून एमबीबीएस केलेल्यानं एक वर्ष सेवा द्यावी. जनतेच्या पैशांवर शिकलेल्यानं जनतेसाठी वर्ष द्यावं हे मला मान्य आहे. पण बाँडनं माणूस येतो, राहत नाही. बाँडचं वर्ष म्हणजे खरं तर तुला मिळालेली संधी आहे. त्या वर्षात खेड्यातल्या कामाची गोडी लागू शकते. ते वर्ष तू मेमो, कारणे दाखवा आणि वेतनवाढ रोखण्याच्या धमक्यांत घालवतेस. ग्रामीण भागात आरोग्य कर्मचारी कसे टिकवावेत यावर जागतिक आरोग्य संघटनेनं २०१० मध्ये शिफारशी केल्या, २०२१ मध्ये त्या सुधारून पुन्हा प्रसिद्ध केल्या. त्यांत नियम-सक्ती आणि पैसा यांच्या बरोबरीनं वैयक्तिक आणि व्यावसायिक आधाराला स्थान आहे. पहिल्या दोन गोष्टी थोड्याफार होतात. तिसरीसाठी तुझ्याकडे वेळ नसतो.

त्यासाठी वेगळी यंत्रणाही लागत नाही, तुझ्यासारखीच एक बैठक लागते. १९५० च्या दशकात लंडनच्या टॅव्हिस्टॉक क्लिनिकमध्ये मायकेल आणि एनिड बालिंट हे दांपत्य फॅमिली डॉक्टरांना दर आठवड्याला एकत्र बसवू लागलं. एकानं आपला अडलेला एक रुग्ण सांगायचा: हा माणूस आला की मला राग का येतो, ही बाई वारंवार का येते, मी तिच्यासाठी काय करू शकलो नाही. बाकीच्यांनी ऐकायचं, आपलं सांगायचं. निकाल कुणी द्यायचा नाही. मायकेल बालिंट यांचं त्यावरचं पुस्तक १९५७ मध्ये आलं आणि असे गट आज अनेक देशांत चालतात. तेही डॉक्टर आणि तुझ्यासमोरचेही डॉक्टर. तीही बैठक आणि तूही बैठक. तिथून डॉक्टर हलका होऊन दवाखान्यात जातो, तुझ्याकडून तो एसटीत बसून राजीनाम्याचा मजकूर मनात जुळवत परततो.

म्हणून माझ्या मागण्या लिहून देते. इतिवृत्तात नोंदव.

एक. डॉक्टरला त्याच्या कर्मचाऱ्यांसमोर झापणं आजपासून बंद. जे सांगायचं ते एकट्याला सांग, आधी त्याचं ऐकून.

दोन. "कारणं सांगू नका" हे वाक्य कायमचं बाद. कारण ही माहिती आहे. प्रत्येक कारणापुढे ते वरच्या पातळीवर कोण सोडवणार आणि कधीपर्यंत, हे लिही. पुढची बैठक वरिष्ठांच्या प्रलंबित कामांपासून सुरू कर.

तीन. स्थलांतरित मातांची आणि मुलांची वेगळी गणना कर, त्यांना शोधून दुसऱ्या जिल्ह्यात सेवा मिळवून देणाऱ्याला त्या कामाचं श्रेय दे.

चार. प्रत्येक केंद्राला वर्षाचं एक उद्दिष्ट स्वतः ठरवू दे. सर्पदंश असेल, दारू असेल, ऊसतोड बायकांची कंबरदुखी असेल. त्याचा आढावाही तेच मांडतील.

पाच. एक माहिती एकदाच. दुसऱ्या पोर्टलवर तीच मागायची असेल तर आधी पहिलं बंद कर.

सहा. रुग्ण दगावला किंवा हल्ला झाला तर दुसऱ्या दिवशी वरिष्ठानं स्वतः केंद्रावर जायचं, अहवालाआधी डॉक्टरची विचारपूस करायची आणि त्याला विश्रांतीसाठी पर्यायी माणूस द्यायचा.

सात. नोकरी सोडणाऱ्या प्रत्येकाशी अधिकाऱ्यांच्या साखळीबाहेरच्या कुणीतरी बोलावं आणि खरं कारण लिहून घ्यावं. 'वैयक्तिक' हा शब्द त्या फॉर्मवर चालणार नाही.

आठ. पहिला अर्धा तास प्रोजेक्टर बंद. त्या वेळात एका डॉक्टरनं एक रुग्ण सांगायचा, बाकीच्यांनी ऐकायचं, आणि व्यासपीठावरच्या कुणीही त्यावर शेरा मारायचा नाही.

या आठांपैकी काहींना वरून आदेश लागेल, काहींना निधी. शेवटच्या मागणीला शासन निर्णय लागत नाही, पद मंजूर करावं लागत नाही, टेंडर काढावं लागत नाही. खुर्चीतल्या माणसानं अर्धा तास गप्प बसून ऐकायचं, एवढंच लागतं. ती याच महिन्याच्या बैठकीपासून सुरू कर.

आपली,
एक माजी वैद्यकीय अधिकारी